दहा ओळी, दहाही सारख्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओचे मालक, ज्यांना आम्ही तोंडावर साहेब म्हणतो आणि पाठीमागेही साहेबच म्हणतो, कारण आमच्या इमारतीत कुठला माइक कधी चालू असेल याचा नेम नाही. प्रमुख पाहुणे, कानाचे डॉक्टर, ज्यांच्या एका अहवालामुळे आमच्याकडे महाभारत घडलं. सत्कारमूर्ती, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या ताई. त्यांच्या शेजारी बसलेले आणि आयुष्यात प्रथमच वेळेवर आलेले भावोजी. समोरचे गायक, वादक, तंत्रज्ञ. आणि दाराजवळच्या खुर्च्या मुद्दाम पकडून बसलेले माझे सहकारी. तुम्हा सगळ्यांना मनापासून नमस्कार.

मला दहा मिनिटं दिली आहेत. ताईंनी कालच दम भरलाय, "घाईराव, माझ्या आरत्या ओवाळू नकोस. एक गोष्ट सांग आणि खाली बस." घाईराव हे माझं खरं नाव नव्हे, हे माझ्या सासरच्या मंडळींसाठी सांगतो. ते ताईंनी ठेवलेलं आहे, आणि का ठेवलं ते आता कळेलच.

आमचं काम काय, हे भावोजींनासुद्धा एकतीस वर्षांत कळलेलं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. गाणं गाऊन झालं, वाजवून झालं, सगळे आवाज एकत्र बसवून झाले, की ते जगात सोडण्याआधी त्यावरून एक शेवटचा हात फिरतो. कुठे बोचतंय, कुठे दबलंय, कुठे उगाच फुगलंय, ते ऐकायचं आणि नीट करायचं. याला मास्टरिंग म्हणतात. आमच्या स्टुडिओत हा हात गेली एकतीस वर्षं ताईंचा आहे. लेक पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत त्या त्या खुर्चीवर बसल्या होत्या. आज ती लेकच सूत्रसंचालन करते आहे आणि मला घड्याळ दाखवते आहे. दाखव बाई, दाखव.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एक विक्रेते आमच्याकडे एक प्लगइन घेऊन आले. प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसणारं यंत्र. हातात धरता येत नाही, झटकता येत नाही, पडद्यावर नुसती एक खिडकी उघडते. पण काय ती खिडकी! सोनेरी काटे डोलतायत, हिरवे दिवे लुकलुकतायत, बटणांवर सावल्यासुद्धा पडलेल्या. आणि किंमत? माझे तीन पगार. विक्रेते म्हणाले, महिनाभर फुकट वापरा, आवडलं तर पैसे द्या. मी तर पहिल्या दिवशीच पाघळलो. जेवताना प्लगइन, झोपताना प्लगइन. बायको म्हणाली, "अहो, एकदा माझ्याकडेही असं टक लावून बघा!"

नेमक्या त्याच आठवड्यात ताईंचे कान तपासून झाले. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे लिहिलं की उजव्या कानाला वरचे, बारीक, धारदार आवाज कमी ऐकू येतात. डॉक्टर, तुमचं काही चुकलं नाही. चुकलं आमचं. तो कागद साहेबांच्या टेबलावर आला आणि त्याच टेबलावर प्लगइनचं माहितीपत्रकही होतं. दोन कागद शेजारी पडले आणि साहेबांच्या डोक्यात एक विचार शिजला. आणि मंडळी, आज सगळ्यांसमोर कबूल करतो, त्याखालचा जाळ मी फुंकत होतो. मीच म्हणालो, "साहेब, हे घेतलं तर ताईंवर इतका भार टाकायची गरज नाही. त्यांना खाली जुन्या टेप्सच्या खोलीत बसवू. मानाने." मानाने! ज्या बाईने मला आवाज ऐकायला शिकवला, तिला मी तळघरात मानाने पाठवत होतो.

ताईंना बोलावलं. त्या चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझ्या हातची दहा गाणी घ्या. प्रत्येक गाणं दोनदा वाजवा, एकदा तुमच्या त्या यंत्रातून काढलेलं, एकदा तसंच. पडदा झाका. यंत्र कुठे आहे ते दहापैकी निदान आठ वेळा मला ओळखता आलं नाही, तर खुर्ची मीच उचलून खाली नेईन. फक्त दोन्हींचा आवाज सारखा मोठा ठेवा. जरा मोठं वाजलं की माणसाला ते चांगलंच वाटतं."

आता ही अट आमच्या धंद्यात फार मोलाची. दोन भाज्यांची चव बघायची तर दोन्हींत मीठ सारखं हवं ना? म्हणून गाणी तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी प्लगइन लावलं. ते आवाज जरा वाढवत होतं. म्हटलं, ते बाजूला केल्यावर आवाज किती आहे तो मोजू, मग जुळवू. प्लगइनच्या खिडकीत एक बारीकसं बटण असतं, बायपास. ते दाबलं की यंत्र बाजूला होतं, आवाज त्याला न शिवता निघून जातो. मी ते दाबलं. मोजलं. आणि काय सांगू तुम्हाला, दहाच्या दहा गाण्यांचे आकडे असे जुळले, केसाइतका फरक नाही! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. म्हटलं, आता हात बसला आपला!

काय झालं होतं ते तुमच्यातल्या काही शहाण्यांच्या ध्यानात आलेलं दिसतंय. हसू नका. पुढे ऐका.

परीक्षेला आम्ही नऊ जण बसलो. कुठलं आधी, कुठलं नंतर, ते हिशेबनीस बाईंनी चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं, त्यामुळे मलाही माहीत नव्हतं. प्रत्येकाच्या हातात कागद. गाणी सुरू झाली. साहेब डोळे मिटून मान डोलवतायत. आमचे गिटारवादक, तिसऱ्या रांगेतले, हो तुम्हीच, "आहाहा, याच्यात हवा आहे, हवा!" म्हणून मोकळे झाले. ताईंनी पहिलं गाणं तीनदा लावायला सांगितलं. नंतर एकदाही नाही. खाली मान घालून लिहीत राहिल्या.

कागद वाचले. साहेबांनी लिहिलं होतं, "दुसऱ्यात गायिका समोर उभी आहे असं वाटतं." मी लिहिलं होतं, "मखमल." पाच वेळा मखमल, दोन वेळा सोनं, आणि एका ठिकाणी, परमेश्वर मला क्षमा करो, "चांदण्यात न्हालेला तबला." आणि ताईंचा कागद? दहा ओळी. दहाही सारख्या. दोन्ही एकच. दोन्ही एकच. दोन्ही एकच.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "ताई, तुम्हाला फरक ऐकू नाही आला?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

मंडळी, माझ्या मनात तेव्हा काय आलं ते सांगितल्याशिवाय या माइकसमोर उभं राहायचा मला अधिकार नाही. मला आनंद झाला. क्षणभरच, पण झाला. म्हटलं, जिंकलो. आणि लगेच ताईंचे हात दिसले. मांडीवर एकात एक घट्ट धरलेले.

त्या उठल्या. खुर्ची त्यांनी खरंच दाराकडे वळवली. म्हणाल्या, "नेते मी ही. त्याआधी एक कर घाईराव. एक उलटं कर आणि दोन्ही एकदम वाजव."

ही आमची जुनी रीत. दोन आवाजांपैकी एक उलटा करून दोन्ही एकाच वेळी वाजवले, की जे सारखं असतं ते एकमेकांना पुसून टाकतं आणि उरतो तो फक्त फरक. म्हणजे माझी मखमल, गिटारवाल्यांची हवा आणि ते चांदणं, सगळं तेवढं वेगळं निघून स्पीकरमधून ऐकू यायला हवं होतं. मी ऐटीत बटण दाबलं.

काही नाही.

आवाज वाढवला. काही नाही. शेवटपर्यंत वाढवला. साहेबांच्या मनगटावरचं घड्याळ ऐकू आलं, स्पीकर मात्र गप्प. दुसरं गाणं, गप्प. पाचवं, गप्प. दहावं लावेपर्यंत माझ्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर टपकत होता. मी प्लगइनची खिडकी उघडली. काटे डोलत होते, दिवे लुकलुकत होते, आणि कोपऱ्यात ते बारीकसं पिवळं बटण दाबलेलं तसंच होतं. यंत्राने एकाही गाण्याला बोट लावलेलं नव्हतं. दहाही गाणी दोन्ही वेळा तीच, जशीच्या तशी! चांगले कान असलेल्या आठ जणांनी स्वर्ग ऐकला होता, आणि जिच्या कानाबद्दल कागद आला होता, तिने जे होतं ते ऐकलं होतं.

टाळ्या आत्ता वाजवू नका, अजून आहे.

मी चहाच्या खोलीत जाऊन त्यांचे पाय धरले. म्हटलं, "ताई, तुम्हाला खात्री होती ना?" तर म्हणाल्या, "खात्री कसली, कप्पाळ! तिसऱ्या गाण्यापासून धीर सुटत चालला होता. वाटलं, डॉक्टर म्हणतात तेच खरं, संपलं आपलं. पण ऐकू आलं नाही ते आलं म्हणून लिहायचं कसं रे?" आणि मग मलाच बिस्किट दिलं. मी रडत होतो, म्हणून.

दुसऱ्या दिवशी परीक्षा पुन्हा झाली. या वेळी त्या पिवळ्या बटणावर गिटारवादकांना पहारेकरी म्हणून बसवलं. ताईंनी दहापैकी नऊ ओळखली. आणि मंडळी, खरी थोरवी पुढेच आहे. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, फेकून द्या ते खेळणं. ताई म्हणाल्या, "वस्तू चांगली आहे. तीन गाण्यांत तिने माझ्यापेक्षा बरं काम केलंय, ते कबूल. पण दहात तीनदा लागणाऱ्या वस्तूसाठी घाईरावचे तीन पगार कशाला? ती महिन्याच्या भाड्याने मिळते, लागेल त्या महिन्यात घ्या. आणि ते पैसे आपल्या मागच्या भिंतीला लावा. ती भिंत जाड आवाज परत आपल्या अंगावर फेकते, म्हणून आपण सगळेच चुकीचं ऐकतोय." साहेबांनी भिंत नीट करून घेतली. महिन्याभरात दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, नवीन यंत्र घेतलंत का? आम्ही म्हटलं, नाही, जुन्या ताई आहेत! आणि ते विक्रेते? त्यांनी स्वतःच्या मुलीच्या पहिल्या गाण्याचं मास्टरिंग कुणाकडून करून घेतलं असेल? रांगेत पाचवे बसलेत. उभे राहा ना, लाजू नका!

गेल्या आठवड्यात ताईंनी मला त्या खोलीत बोलावलं. सगळे बसले होते. माझ्या हातात कागद दिला. दहा गाणी, प्रत्येक दोनदा. तीन वर्षं मी याच दिवसासाठी कान घासले होते. सातवं गाणं लागलं आणि मला काहीच फरक ऐकू येईना. पुन्हा लावलं, तरी नाही. आजूबाजूला सगळे भराभर लिहीत होते. धीर सुटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. खुर्ची जाते की काय असं वाटलं. तरी लिहिलं, दोन्ही एकच. सातवं त्यांनी मुद्दामच दोन्ही वेळा तेच लावलं होतं. ताईंनी माझा कागद घेतला, बोट सातव्या ओळीवर ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "बस." माझ्या लग्नात माझा ऊर इतका भरून आला नव्हता. बायको समोर आहे, तरी सांगतो.

आता मानपत्र. साहेबांनी छान भाषेत एक लिहून घेतलं होतं, पण मी हट्ट धरला आणि ते बदललं. या चौकटीत जे आहे ते मी तीन वर्षं माझ्या कपाटात जपून ठेवलं होतं. वाचून दाखवतो. एक, दोन्ही एकच. दोन, दोन्ही एकच. तीन... चला, आता तुम्हीच म्हणा. हां! दहा, दोन्ही एकच! खाली साहेबांची सही आहे, आम्हा सगळ्यांची आहे, आणि आज सकाळी डॉक्टरांनीही केली आहे. आता वाजवा टाळ्या.

साहेबांचे आभार, त्यांनी भिंत केली. डॉक्टरांचे आभार, ते इतकं ऐकूनही हसतायत. भावोजींचे आभार, एकतीस वर्षं डबा त्यांनी भरला. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल, कुणाला बोचलं असेल, तर पदरात घ्या. आणि ताई, भाषण कसं झालं ते मला खरंखरं सांगा. चांगलं वाटलं नसेल तर मुळीच चांगलं म्हणू नका. ते तुम्हीच शिकवलंय.