पोटातली गुरगुर

जनावरांच्या दवाखान्यात मांजराची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बाईंना शेजारच्या बाकावरचं सगळं ऐकू येत होतं. तिथे एक आजोबा पोटाला पट्टी बांधलेलं कुत्रं घेऊन बसले होते. डॉक्टरीणबाई स्टेथोस्कोप लावून त्याचं पोट तपासत होत्या.

“ऑपरेशन छान झालंय, आजोबा. पण आतडी अजून सुस्तच आहेत. काही खाल्लं का यानं?”

“तोंडच लावत नाही. लेक नोकरीला परगावी गेली, तिचा मागे राहिलेला मोजा गिळून बसला होता गाढव.”

“औषधानं आतडी हलतील. पण पोटात थोडं अन्नही जायला हवं. लेकीला फोन लावा बघू.”

“कामात असेल हो ती. उगाच कशाला?”

“लावा तर खरं.”

आजोबांनी फोन लावून स्पीकर चालू केला आणि पेजेचा चमचा कुत्र्यापुढे धरला.

“बाबा? ढब्बू कसा आहे? ए ढब्बू, लबाडा, खात का नाहीस रे?”

“कान टवकारले गं त्यानं! चमचा चाटतोय बघ!”

“आजोबा, जरा थांबा. हो, आतून गुरगुर ऐकू येतेय. औषध लागू पडतंय.”

“बाबा, आणि तुम्ही? तुम्ही जेवलात का?”

आजोबांनी फोन ढब्बूच्या कानाजवळ सरकवला.

“तू बोलत राहा ना अजून. तो ऐकतोय.”