सहा सुया

क्लेटन : पण अर्धी किंमत? हॉलिसदादा, आमच्या खापरपणजोबांनी यादवी लढाईतून केंटकीला आणलेलं रिव्हॉल्व्हर आहे हे.

हॉलिस : म्हणून तर अर्धी तरी सांगतोय. मूठ मूळची, नळी चांगली, कारखान्याचे आकडे सगळ्या भागांवर जुळतात. पण चक्राची मागची भोकं बघ. टिकली फुटली की ठिणगी इथून आत दारूपर्यंत जायची. सहापैकी चार भोकांत कुणीतरी सुया ठोकून आतच मोडल्यात.

क्लेटन : सहाही भोकांत होत्या. दोन मी शनिवारी काढल्या. ड्रिल लावून, पक्कडीनं उपसून.

हॉलिस : जुन्या बंदुकांचं दुकान मी चालवतो, आणि मला न विचारता?

व्हर्ना : विचारायची सवय कुठं आहे माझ्या भावाला.

क्लेटन : आजीचंच काम हे, ताई. आजोबांचं रिव्हॉल्व्हर तिच्या डोळ्यांत सलायचं. रागानं केलं तिनं.

व्हर्ना : आजी रागानं काही करायची नाही. एकदा सुयांचं पाकीट हरवलं म्हणून आजोबा केवढे बोलले तिला. दुसऱ्यांचे कपडे शिवून घर चालवणारी बाई ती. मान खाली घालून काजं करत राहिली.

हॉलिस : चक्र काढतो जरा. पुढून घाण बसलीय मेणासारखी. गोळीचं घर रिकामं असेल तर ही लाकडी काडी बोटभर आत जायला हवी.

व्हर्ना : नखाएवढीच गेली.

हॉलिस : दुसऱ्यातही तेवढीच. थांबा... क्लेटन, ती सिगारेट पेटवू नकोस. दोघंही मागं व्हा.

क्लेटन : का?

हॉलिस : भरलेलं आहे. सहाही घरं.

क्लेटन : काहीतरीच. आजोबा नेहमी सांगायचे, रिकामं आहे म्हणून.

हॉलिस : त्यांनाही तसंच वाटलं असेल. याला काडतूस नसतं. पुढून दारू ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, त्यावर चरबी थापायची. मागून बघणाऱ्याला काय दिसणार?

व्हर्ना : दीडशे वर्षांनी उडेल का ते?

हॉलिस : कोरडी राहिली तर या दारूला वय नसतं, व्हर्नाबाई. टिकली लावून कुणी चाप ओढला होता का कधी?

क्लेटन : तिनं. दर उन्हाळ्यात.

व्हर्ना : आजोबाच आणून द्यायचे टिकल्या. नुसत्या आवाजापुरत्या. मी दक्षिणेची, हा उत्तरेचा शिपाई. मांस धुरवायच्या खोलीच्या दाराशी उभा करायचे मी याला.

हॉलिस : किती लांब?

व्हर्ना : तुम्ही आता उभे आहात तेवढा.

क्लेटन : टिकली फुटली की मी पडायचो. ही म्हणायची, नीट मर.

व्हर्ना : क्लेट, पुरे.

क्लेटन : मग मी उठून परत पडायचो.

हॉलिस : बसा, व्हर्नाबाई. त्या खुर्चीवर बसा. तेव्हा सहाही भोकांत सुया होत्या, म्हणून ठिणगी आत गेली नाही. क्लेटन, दोन भोकं मोकळी केलीस, पुढं काय केलंस?

क्लेटन : काल टिकली लावून बघणार होतो, चालतंय का ते. अंगणात नातवंडं होती, त्यांनाही आवाज ऐकायचा होता. हिनं हात धरला माझा.

हॉलिस : तुम्हाला संशय आला होता?

व्हर्ना : नाही हो. काल रविवार होता. आजी रविवारी बार काढू द्यायची नाही. म्हटलं, उद्या काढ.

(हॉलिस चक्र ओल्या फडक्यात गुंडाळतो.)

हॉलिस : दारू भिजवून गोळ्या मी काढतो. उरलेल्या चार सुयाही काढून टिकली लावायची नवी तोंडं बसवली, तर बरीच किंमत परत येईल.

क्लेटन : सुयांना हात लावू नका.

हॉलिस : मग घेणारा मिळणार नाही.

क्लेटन : नाही तर नाही. ताई, घरी फोन लाव. माझ्या कामाच्या बाकावरचा चुरा कुणी झाडू नका म्हणावं. त्यात आजीच्या दोन सुया आहेत.