काचेवरच्या अक्षता

तुम्ही मला बिनलग्नाचा म्हणता ना? माझं लग्न झालंय रे. ऐका.

सेकंडहँड गाडी घेतली, तेव्हा आईने लालबागला चाळीखालीच तिची पूजा केली आणि डॅशबोर्डवर मूठभर अक्षता टाकल्या. महिन्याभराने आम्ही दोघं मुलगी बघायला अँटॉप हिलला निघालो. पाऊस चालू. परळला समोरची काच आतून अशी धुरकटली की पुढची बस दिसेना. आई पदराने काच पुसतेय, मागचे हॉर्न मारतायत. बाजूला थांबून मेकॅनिकला फोन लावला.

"हवा काचेवर वळवा, एसी लावा, ब्लोअर फुल करा," तो म्हणाला.

केला. आत खडखड झालं आणि काचेखालच्या जाळीतून पिवळे तांदूळ उडाले, थेट माझ्या डोक्यावर आणि स्टिअरिंगवर!

मी भडकलो, "आई, काय टाकून ठेवलंस हे!"

आईने हात जोडले. "ओरडू नको रे. शुभशकुन आहे. मुलगी हो म्हणणार बघ."

मुलगी नाही म्हणाली.

पण अक्षता पडल्या त्या पडल्याच. चार वर्षं गाडीशीच संसार चाललाय. दर महिन्याला चार दिवस ती माहेरी असते, गॅरेजमध्ये.