गोड वास

(दुपारचं गॅरेज. नेहमीचे गिऱ्हाईक असलेल्या मास्तरांच्या जुन्या गाडीच्या दारातून मिस्त्रीचे पाय बाहेर आलेले. शेजारी त्याची बायको बॅटरी धरून वाकलेली. सगळं गिऱ्हाईक तिला वहिनी म्हणतं.)

मिस्त्री : बॅटरी नीट धर गं. माझ्या डोळ्यांत नको, त्या पाइपवर धर.

वहिनी : पाइपवरच आहे. तुमचं डोकं मध्ये येतंय. अहो, बाहेर या, ती मागची क्लिप मी काढते. माझा हात बारीक आहे.

मिस्त्री : अठ्ठावीस वर्षं माझाच हात जातोय डॅशबोर्डात.

वहिनी : तेव्हा तो एवढा नव्हता.

मिस्त्री : काय म्हणालीस?

वहिनी : काही नाही. पाना देऊ?

मिस्त्री : दहाचा दे. आणि फोन वाजला तर उचलू नकोस. सकाळपासून चार आले, चौघांचं एकच रडगाणं. "वहिनी आहेत का?" अरे, गॅरेज कुणाचं? पाटीवर नाव कुणाचं?

वहिनी : पाटीवर नुसतं 'गॅरेज' लिहिलंय. नावाचं नंतर बघू म्हणालात, ते राहिलंच.

मिस्त्री : तो टेम्पोवाला तर हद्दच करतो. मी समोर उभा, कोपरापर्यंत ग्रीस, आणि मलाच विचारतो, "मिस्त्री, इंजिनाचा आवाज वहिनींनी ऐकला का?" म्हणजे मी काय बहिरा?

वहिनी : मग काय सांगितलंत?

मिस्त्री : म्हटलं, वहिनी जेवायला गेल्यात.

वहिनी : मी तर इथेच टायरवर बसले होते.

मिस्त्री : तोही तेच म्हणाला.

वहिनी : पोटात दुखतंय तर सरळ सांगा ना.

मिस्त्री : पोटात नाही, मानेत दुखतंय. अर्धा तास उलटा पडलोय इथे! फोन उचलायला म्हणून आणलं तुला, आणि हौसेने काम शिकवत बसलो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

वहिनी : शिकवलंत ते चांगलं शिकवलंत. कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

मिस्त्री : सांगतेस ना, तेच तर! तुझं सांगणं ऐकलंय मी. "मास्तर, हीटरचा कोर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटासा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं, मागून पंखा वारा घालतो, आणि तुमचे पाय शेकतात." आणि मास्तर शिकवणीला बसल्यासारखे मान डोलावतात! इतक्या वर्षांत माझ्यासमोर एकदा मान हलली नाही त्या माणसाची.

वहिनी : तुम्ही कुठे समजावता? "होऊन जाईल" म्हणता आणि बॉनेट आपटता.

मिस्त्री : झालंच की नाही मग दर वेळी?

वहिनी : या वेळी नाही झालं. हीटर लावला की मास्तरांची काच अजून धुरकटतेच, म्हणून तर आज कोर काढतोय. चार महिन्यांपूर्वी मी म्हटलं होतं, गाडीत गोड वास येतोय, कोर गळतोय. तुम्ही म्हणालात, काचेच्या रबरातून पावसाचं पाणी येतंय.

मिस्त्री : आता तुझ्या त्या नाकाने कांदे सोलू नकोस. रबर बदललं, त्यानंतर वास आला का?

वहिनी : नाही आला. दुसऱ्या दिवशी मी वाकून वाकून हुंगलं. काहीच नाही. म्हणून तर गप्प बसले.

मिस्त्री : टब सरकव. पाइप सोडतोय.

वहिनी : सरकवला. सोडा... अहो, हे काय?

मिस्त्री : पाणी.

वहिनी : तेच विचारतेय. पाणी कसं? कूलंट कुठे आहे? इंजिन गार ठेवायला मी माझ्या हाताने कूलंटचा अख्खा डबा भरला होता, हिरवागार. हे नुसतं गंजलेलं पाणी आहे.

मिस्त्री : गळून गेलं असेल.

वहिनी : गळलं तरी उरलेलं हिरवट दिसतं. इथे थेंबभर रंग नाही. कुणीतरी सगळं काढून, धुऊन, साधं पाणी भरलंय. आणि मास्तर दुसऱ्या कुठल्या गॅरेजची पायरी चढत नाहीत.

मिस्त्री : कोर धर. निसटेल.

वहिनी : धरलाय. बोला.

मिस्त्री : काय बोलू?

वहिनी : अहो, बोला म्हणते ना.

मिस्त्री : मीच काढलं. त्याच संध्याकाळी, तू घरी गेल्यावर. कूलंट काढलं, दोनदा धुतलं, नळाचं पाणी भरलं. तो गोड वास कूलंटचा असतो. पाण्याला वास नसतो.

वहिनी : म्हणजे माझं खोटं ठरावं म्हणून?

मिस्त्री : मास्तर म्हणाले ना सगळ्यांसमोर, "मिस्त्री, तुम्ही काचच बघत बसलात, वहिनींनी नुसत्या वासावर ओळखलं!" तो टेम्पोवाला फिदीफिदी हसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, एकदा, फक्त एकदा हिचं चुकू दे. मग कोर गुपचूप बदलून टाकीन.

वहिनी : मग का नाही बदललात?

मिस्त्री : दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "तुमचंच बरोबर होतं." किती दिवसांनी म्हणालीस! ते मोडवेना मला.

वहिनी : चार महिने, अहो. चार महिने मी कुठल्या गाडीत नाक घातलं नाही. कुणी विचारलं की सांगते, मिस्त्रींना विचारा. मला वाटलं, आपल्याला काही येत नाही, उगाच मिरवत होतो.

मिस्त्री : दिसत होतं मला.

वहिनी : दिसत होतं?

मिस्त्री : बरं वाटत होतं. आता खोटं कशाला बोलू.

वहिनी : शाबास! आणि ते साधं पाणी उकळून आटलं असतं, इंजिन फुटलं असतं मास्तरांचं, तेव्हाही बरं वाटलं असतं?

मास्तर : वहिनी! आहात का? अरे बापरे, गाडीचं पोटच फाडलंत. सापडला का आजार?

वहिनी : या मास्तर. सापडला. हे सांगतील.

मास्तर : सांगा बुवा. आज माझा निकाल आहे.

मिस्त्री : कसला निकाल?

मास्तर : चाव्यांचा. मुलाने बजावलंय, ही शेवटची दुरुस्ती. यानंतर चाव्या त्याच्याकडे. मागच्या आठवड्यात नातीला शाळेतून आणत होतो. हीटर लावला आणि समोर सगळं पांढरं. सरळ फुटपाथवर चढलो. पोरीला लागलं नाही, पण रडत घरी गेली. आता माझ्या गाडीत बसत नाही.

वहिनी : अगं बाई!

मास्तर : मुलगा म्हणतो, बाबा, काचेचं रबर बदलून झालं, आता डोळे बदलायची वेळ आली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणतात, नजर उत्तम आहे. पण घरात कुणाला पटत नाही. खरं सांगू? मलाही पटेनासं झालंय.

वहिनी : अहो.

मिस्त्री : हो... मास्तर, तुमचे डोळे चांगले आहेत. कोर गळत होता, त्याची वाफ काचेला धरत होती. हिने तेव्हाच ओळखलं होतं. हिचं खोटं ठरावं म्हणून मी कूलंट काढून साधं पाणी भरलं.

मास्तर : थांबा, थांबा. कुणाचं खोटं ठरावं म्हणून?

मिस्त्री : हिचं. सगळे हिलाच विचारतात. तुम्हीसुद्धा. मला ते सहन होत नव्हतं.

मास्तर : आणि त्यासाठी माझी नात?

मिस्त्री : नात गाडीत असते हे मला माहीत नव्हतं.

मास्तर : काच धुरकटते हे माहीत होतं.

मिस्त्री : होतं.

वहिनी : मास्तर, बसा आधी. पाणी घ्या. नवा कोर आणून ठेवलाय, संध्याकाळपर्यंत मी बसवते. मी स्वतः.

मास्तर : गाडी होईल हो वहिनी. घरी कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा चाव्यांसाठी गोष्टी रचतोय.

मिस्त्री : मी सांगतो तुमच्या मुलाला.

मास्तर : तो तुम्हाला ओळखत नाही. त्याच्याकडे नंबर वहिनींचा आहे.

वहिनी : हा घ्या माझा फोन.

मिस्त्री : तूच बोल ना. तुझं लगेच पटेल त्याला.

वहिनी : पटेल. पण केलंय तुम्ही.

मिस्त्री : हात ग्रीसचे आहेत गं.

वहिनी : असू देत. फोन पुसता येतो.

मास्तर : रिंग वाजतेय. उचलला बघा त्याने.

मिस्त्री : हॅलो... नाही, त्या नाहीत. मी वहिनींचा नवरा बोलतोय. तुमच्या वडिलांच्या डोळ्यांबद्दल सांगायचं होतं.