चौसष्टचा काटा, पासष्टची टाकी

कॉरिन : तुझ्या बहिणीनं मला बजावलं होतं. ‘व्हर्नला बाबांच्या गाडीत हात घालू देऊ नकोस, तो नुसत्या देखणेपणाला भुलतो.’ मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, नवऱ्याला कसला तरी नाद असायचाच. दारूपेक्षा हा बरा.

व्हर्न : ग्वेनला काय कळतंय गाडीतलं? तिची बटण दाबलं की सुरू होते.

कॉरिन : आत्ता तिचाच फोन होता. तळ्यावरच्या मेळाव्यात सगळ्या जुन्या गाड्या लागल्यात. बाबा आणि आपली जूनी अजून पोचले नाहीत.

व्हर्न : येतील गं. वाटेत कुणाला तरी नवे मीटर दाखवत बसले असतील. काल बघून डोळे भरून आले त्यांचे. एकोणीसशे पासष्टच्या गाडीत कंपनीनं दिलं होतं काय? एक लांबट पट्टी आणि दोन लाल दिवे. आता बघ, चौसष्टचे गोल मीटर! शर्यतीची गाडी वाटते.

कॉरिन : चौसष्टचे. पासष्टच्या गाडीत.

व्हर्न : एका वर्षाचं तर अंतर! सगळे स्क्रू भोकाला भोक बसले. जरा म्हणून हलत नाही.

कॉरिन : भोकं जुळली म्हणजे सोयरीक जुळली! लग्नातला तुझा कोटही असाच घेतला होतास. खांदे बसले म्हणून घेतलास, आणि बटणं शेवटपर्यंत लागली नाहीत.

व्हर्न : झालं सुरू.

कॉरिन : मी आंघोळीला गेले, तेवढ्यात बाबा तीन वर्षांच्या पोरीला मागं बसवून निघाले. त्यांचा फोन इथं, पावाच्या डब्याशेजारी. गाडीला एसी नाही, बाहेर ऑगस्टचं ऊन. आणि तू हात हलवत उभा!

व्हर्न : गाडी ठणठणीत आहे. टाकी भरलेली. काटा शेवटच्या रेघेवर होता, मी स्वतः पाहिला.

कॉरिन : पेट्रोल कधी भरलंस?

व्हर्न : वेळच आली नाही. तेच तर सांगतोय! मीटर बसवल्यापासून शहरात जाऊन आलो, ग्वेनकडे जाऊन आलो, काटा तसूभर हलला नाही.

कॉरिन : आठ सिलिंडरची गाडी. एका पंपावरून निघाली की दुसरा शोधायला लागते. ती अचानक उपास करायला लागली, आणि तुला वाटलं, सुधारली?

व्हर्न : टोमणे पुरे.

कॉरिन : काटा चौसष्टचा. टाकीत तरंगणारा गोळा, जो काट्याला पेट्रोल किती ते कळवतो, तो?

व्हर्न : तो टाकीतच आहे. त्याच्यासाठी टाकी कोण उतरवतं!

कॉरिन : म्हणजे पासष्टचा. दोघांचं माप एकच का?

व्हर्न : मीटर विकणारा म्हातारा काहीतरी पुटपुटत होता. पासष्टपासून गोळ्याचं माप तिप्पट केलं म्हणे. मी म्हटलं, आजोबा, बसतोय ना? मग झालं.

कॉरिन : तिप्पट! अरे शहाण्या, म्हणजे टाकीचे तीनातले दोन हिस्से रिकामे झाले तरी तुझा काटा भरलेलीच म्हणणार! बाबा पंपावर कधी थांबतात?

व्हर्न : काटा पाव टाकीच्या खाली गेल्यावर. त्याआधी थांबणं म्हणजे भित्रेपणा म्हणतात.

कॉरिन : आणि हा पाव दाखवेल तेव्हा आत काय उरलेलं असेल?

व्हर्न : जेमतेम तळ झाकेल एवढं. जंगलाच्या रस्त्यानं गेले असतील. तिथं फोनही लागत नाही.

कॉरिन : कळलं ना? पेट्रोलचा डबा भर. ट्रक काढ. मी लॉइसकाकूंना फोन लावते, त्यांचं घर त्याच रस्त्यावर आहे.

(ती फोन लावते.)

लॉइस : मोठ्यानं बोल गं, पंखा चालू आहे. तुझ्या सासऱ्याची, एमेटची हिरवी गाडी ना? गेली मघाशीच. काय तो आवाज! माझ्या कोंबड्या अजून कुंपणाखालून निघत नाहीत. म्हातारा ऐटीत हात करून गेला.

कॉरिन : मागच्या सीटवर मुलगी दिसली?

लॉइस : धुळीत काय दिसतंय?

कॉरिन : पुढं पंप आहे ना एक?

लॉइस : होता. आता त्यात कबुतरं राहतात. का गं? एमेटनं पेट्रोल न बघताच गाडी काढली? जन्मभर गाड्या जोडल्या ना त्यानं!

कॉरिन : बघितलं, काकू. काट्यात बघितलं. आम्ही निघतोय, पण आम्हाला पोचायला वेळ लागेल. तुमची गाडी काढून तेवढं पुढं बघून याल?

लॉइस : किल्ली हातातच आहे. काय सांगू त्याला?

कॉरिन : काही सांगू नका. पाण्याची बाटली घ्या. बाबा म्हणतील, पेट्रोल आहे, हे बघ. काट्याकडे बोट दाखवतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, काकू. आधी मागच्या सीटवर बघा.