पाय माझा, मत गावाचं

...आता मले सांगा, तुमच्या पायाले काही झालं त तुमी कोणाले इचारता? डॉक्टरले ना? आमच्या सौंदडात इचारावंच नाही लागत, गाव आपल्या मनानंच सांगून राहते. पाय माझा, मत गावाचं!

झालं काय, पोलीस भरतीच्या ग्राउंडले, म्हणजे पळायच्या परीक्षेले, सहा हप्ते राहिले होते, अन् वयाच्या अटीनं माझी ही शेवटची भरती. सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळून राहिली होती, शेवटचे शंभर मीटर जोर लावला, अन् मांडीच्या मागं... टच्. तिथंच बसली.

लंगडत घरी आली त माय वीट गरम करायले लागली, शेकायले. शेजारचे केवळराम काका मोहाच्या तेलाची शिशी घेऊन हजर. "नस चढली पोरी, आंगठ्यानं रगडून उतरवतो. अन् पळणं नको सोडू, पळूनच मोकळी होते." काकाचा आंगठा तुमी पाहिला नाही. बैलाचा खूर नरम वाटते.

मी म्हटलं, थांबा, अन् तशीच गाडीत बसून गोंदियाले गेली, टीना मॅडमकडं. त्या फिजिओथेरपीवाल्या. मॅडमनं पाय वाकवून, दाबून पाहिला. "थोडा फटा है मसल, पूरा नहीं. दोन-तीन दिवस बर्फ, पट्टी, पाय उशीवर. शेकायचं नाही, चोळायचं नाही, दौड़ना तो बिल्कुल नहीं."

"पण मॅडम, भरती?"

"आज दौड़ी तो भरती गई. रुकेगी तो शायद मिलेगी."

बर्फ कुठला? लाइट गेलेली, फ्रीज बंद. मायनं बाजारातल्या मासेवाल्याकडून आणला. मी पंधरा पंधरा मिनिटं फडक्यात बांधून ठेवून राहिली, अन् गल्लीतली मांजर माझ्या मांडीजवळून हलेना. काका रोज दारात. "बर्फानं रगत गोठते." पाय माझा, मत गावाचं... तिसऱ्या दिवशी मायच दारात उभी राहिली. "भाऊजी, चहा प्या, पण पोरीच्या पायाले हात नाही लावायचा." ज्या मायनं वीट तापवली होती, तीच माय, सांगते तुमाले.

मग हळूहळू चालणं, निजून कंबर उचलणं, तिसऱ्या हप्त्यात धीमं पळणं. दुखलं की थांबायचं, एवढाच नियम. पाचव्या हप्त्यात मॅडम म्हणाल्या, "अब लगा जोर." अन् माझा जोरच निघेना, भेवानं.

ग्राउंडवर शेवटचे शंभर मीटर आले, अन् माझं सारं ध्यान मांडीत. आता वाजते, मग वाजते... काहीच नाही वाजलं. लाइन ओलांडली, खाली बसली, अन् इतके दिवस आवरलेलं रडू तिथं मोकळं झालं.

ग्राउंड निघालं, लेखी परीक्षा निघाली, ट्रेनिंग झालं, पहिल्या दिवशी ठाण्यात साहेबांसमोर सावधान उभी. साहेबांनी वर न पाहता इचारलं, "टायपिंग येते?"

"येते सर."

"मग बसा त्या खुर्चीत."

आठ महिने झाले. बसूनच आहो.