वरून पडतायत

आत्याची चूक. लिहा की तेच, परत परत काय विचारताय — तुमच्या कागदावर 'कीड कशामुळे' अशी ओळ आहे ना, तिथे लिहा, घरातल्या म्हाताऱ्या बाईला दिसत नव्हतं. बाबांनी फोनवर सांगितलंय ना तुम्हाला? मग झालं तर. त्यांना तो कागद हवाच आहे, काकाला दाखवायला. दीड महिना झाला आत्या काकाकडे आहे आणि तो रोज फोन करतो — दादा, हिला कधी नेतोस, किडे काय कुणाच्याही घरात होतात. बाबा म्हणतात, थांब, कीड मारणारा माणूस बोलावतो, तोच सांगेल. सख्खी थोरली बहीण दोघांची, आणि एखादं मोडकं कपाट असावं तशी ढकलतायत तिला इकडून तिकडे. बसा ना तुम्ही. खुर्चीवर बसा. स्टूल नको, त्याचा पाय हलतो.

तर किडे. पहिला सापडला बाबांच्या साहेबांच्या ताटात. एवढी माणसं जेवायला, बरोबर साहेबांच्याच! तिळाएवढा, तपकिरी. साहेबांनी चमच्याने कडेला सारला आणि हवापाण्यावर बोलत राहिले. ते गेल्यावर बाबांनी सगळे डबे खाली काढले — पीठ, तांदूळ, डाळ, कशात म्हणून नव्हते असं नाही. "ताई, तुला दिसत नाही, मान्य कर आता." आईने नुसते डबे घासायला घेतले, आवाज करत. न बोलता मारायचं कसं ते आईकडून शिकावं. आणि आत्या — बावीस वर्षं हे स्वयंपाकघर तिचं होतं हो. आई नोकरीला, मला वाढवलं तिनेच. चष्मा बाटलीच्या बुडासारखा, म्हणून पीठ दोनदा चाळायची, तांदूळ बोटांनी निवडायची. माझ्या डब्यात कधी कीड नाही, हा तिचा तोरा. दुसरं होतं काय तिच्याकडे तोरा मिरवायला? तर ती म्हणाली, "अरे, हे धान्यातले नव्हेत. हे वरून पडतायत. काल माझ्या मानेवर पडला एक." बाबा हसले — "घ्या, आता छतातून किडे बरसायला लागले!" आई हसली. मी? मी सगळ्यात मोठ्याने हसलो.

वर? वर काही नाही. माळा आहे. जुन्या चादरी, फुटका पंखा... अहो, स्टूल — अहो, उतरा, तिथे मीच मागच्या आठवड्यात बघितलंय — उतरा म्हणतो ना!

सापडली? निळी बॅग ना? माझी आहे. तिथेच राहू द्या. नाही, आणा, आणा खाली, आता काय राहिलंय.

पुस्तकांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं आहेत. हे पुस्तकंही खातात? बरं झालं, कुणाच्या तरी पोटात गेली. आणि तो डबा — नका उघडू. उघडलात. बिस्किटं होती ती. आत्याने भाजलेली, परीक्षेच्या दिवशी सकाळी उठून. "पेपर झाला की खा हं." पेपर! गेटपर्यंत गेलो आणि मागे फिरलो. घरात कुणी नव्हतं, बॅग वर फेकली. डबा काढून घ्यायला हवा होता, पण उघडला असता तर ती खावी लागली असती, आणि ती कुठल्या तोंडाने खायची? तेव्हापासून रोज नऊला निघतो, दुसरी बॅग लावून. कॉलेजला म्हणजे गॅरेजला. टायर काढतो. आठ महिने झाले. बाबा सगळ्या गावाला सांगत फिरतात, पोरगा इंजिनियर होतोय, पण पोराची नखं त्यांनी एकदा बघितली नाहीत. बघितली कुणी? आत्याने. जिला दिसत नाही तिने. "काळं कसलं रे हे?" मी म्हटलं, प्रयोग असतात आमचे. "किती राबवतात पोरांना," म्हणाली, आणि लिंबाची फोड घेऊन बसली माझी बोटं चोळत.

मला कधी कळलं? ती 'वरून' म्हणाली ना, तेव्हाच. एक वाक्य बोलायचं होतं. ती कपडे भरत होती तेव्हाही बोलता आलं असतं. चाळणी तिने मागे ठेवली — "तुझ्या आईला लागेल." तेव्हाही.

रविवारी गेलो होतो काकाकडे. सांगायचं म्हणूनच गेलो, जिन्यात दोनदा घोकलं. ती खिडकीशी, पुढ्यात ताटभर तांदूळ. "बरा आलास. बघ रे, यात काही आहे का, मला आता माझा भरवसा नाही." मी बघितलं. स्वच्छ होते. एक कण नव्हता. "नीट बघ," म्हणाली. तीनदा बघायला लावलं. लहानपणापासून या बाईने मला कधी रिकाम्या पोटी उठू दिलं नाही — आणि त्या दिवशी निघताना म्हणाली, "काही देत नाही रे तुला. माझ्या हातचं नको." मी चपला घातल्या. मी तेव्हाही सांगितलं नाही.

खोडा ते. आत्या खोडा. लिहा — माळ्यावर मुलाची कॉलेजची बॅग, आठ महिने पडून. कॉलेजची हा शब्द राहू द्या, बाबांना तेवढा पुरेल. सही मी करतो. ते सहाला येतात, मीच देतो त्यांच्या हातात. नाही, थांबू नका तुम्ही, औषध उद्या मारा. आणायला जाईन, हो, मीच जाईन, येईलही कदाचित. पण या ओट्याला ती हात लावायची नाही. निघा. दार ओढून घ्या.

तिच्या हातचं मला आता खायला मिळणार नाही.